त्रेसष्ट सालची रायफल

ट्रूडी हुडाकने बापाची रायफल आठव्या खुंटीवर टांगली, हात झटकले आणि ती कोटाची बटणं काढायला लागली. वुल्फ रन कॅम्पातल्या सगळ्या गड्यांची तोंडं मिटली. एरवी ही तोंडं झोपेतसुद्धा मिटत नसत. बझी म्हातारा तर घोरता घोरता शिव्याही द्यायचा.

थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार होता. उद्या उजाडताच हरणांच्या शिकारीचा मोसम उघडणार, म्हणून पॉटर काउंटीच्या डोंगरातला एकेक कॅम्प आज माणसांनी आणि चिखलाच्या बुटांनी भरून गेला होता. बाहेर बर्फ भुरभुरत होतं, आत लोखंडी शेगडी तापून लाल झाली होती. बझी चुलीपाशी उभा राहून लोण्यात कोबी परतत होता. त्यात तो नूडल्स टाकणार आणि नेहमीसारखं मीठ जास्त करणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आठव्या खुंटीवर एरवी रायफल नसायची. तिथे बझीचं भांडी पुसायचं फडकं असायचं. ते फडकं ट्रूडीने काढलं, नीट घडी केली आणि बझीच्या खांद्यावर टाकलं.

"ट्रूडी," हार्लन वर्ट्झ म्हणाला, "ती तिथे नको गं."

"का? खुंटी मोडकी आहे का?"

"का ते तुला माहीत आहे."

"माहीत आहे. पण तुमच्या तोंडून ऐकायचंय."

हार्लन हा कॅम्पाचा मुख्य. कॅम्प त्याच्या वडिलांनी, लॉइड वर्ट्झने, चार मित्रांना घेऊन बांधला होता, त्यामुळे त्याला मुख्य कुणी निवडलं वगैरे नव्हतं, तो होताच. शहात्तर वर्षांचा, दणकट, मनाने उदार. एप्रिलमध्ये ट्रूडीचे वडील एमिल गेले तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो पहिला होता, आणि नंतर तिच्या घरी एवढा मोठा हॅम घेऊन आला की ती आठवडाभर खात होती. एमिलचा कॅम्पातला वाटा ट्रूडीकडे आला तेव्हा दोघातिघांनी कुरकुर केली, बाईमाणूस म्हणजे झोपायची पंचाईत, सकाळची पंचाईत. हार्लननेच त्यांना गप्प केलं आणि कोपऱ्यातल्या खाटेला स्वतः पडदा बांधला. म्हणजे माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

पण रायफलींच्या सालांपुढे हार्लनला माणूस दिसत नसे.

त्या डोंगरात टॅल्मेज कंपनीची 'मॉडेल दहा' ही नुसती रायफल नव्हती, कुळाची खूण होती. आणि कुठल्या सालची चांगली, कुठली वाईट, यावर हार्लनचा शब्द शेवटचा. रायफलीवरचा नंबर सांगा, तो साल सांगणार. सदतीस ते एकेचाळीस म्हणजे अस्सल सोनं: पोलाद एकसंध, दस्ता अक्रोडाचा, त्यावरची पकडीची जाळी हाताने कोरलेली. युद्धानंतरची, सेहेचाळीस ते बावन्न, तीही उत्तम. त्रेपन्न ते सत्तावन्न चालून जायच्या; हातात घेताना हार्लन जरा ओठ मुरडायचा, पण घ्यायचा. अठ्ठावन्नला कंपनी विकली गेली. नव्या मालकाने खर्चाला कात्री लावली, जाळी कोरायच्या ऐवजी ठशाने दाबली जाऊ लागली आणि आतले भाग पत्र्यातून कापले जाऊ लागले. "अठ्ठावन्नपासून त्यांनी रायफली केल्याच नाहीत," हार्लन म्हणायचा, "पडद्याच्या सळ्या केल्या." यावर दरवर्षी हशा पिकायचा. एमिलही हसायचे.

एमिलची रायफल त्रेसष्टची होती. कोरी घेतलेली, गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून, लग्नाच्याही आधी. काचेच्या कारखान्यात भट्टीवर काम करणाऱ्या बावीस वर्षांच्या पोराने आयुष्यात पहिल्यांदा घेतलेली नवी वस्तू. तिच्या दस्त्यावर ठशाची जाळी होती, आणि ती लांबूनसुद्धा ओळखू यायची. कॅम्पाचा नियम असा की खुंटीवर फक्त सत्तावन्नपर्यंतच्या. म्हणून एमिलची रायफल बाहेर ओसरीत, भिंतीला ठोकलेल्या एका खिळ्याला लटकायची. थंडीत, वाऱ्यात, दर मोसमात.

"बाहेरच बरी गं," ते ट्रूडीला सांगायचे. "आत आणली की उबेने तिच्यावरच्या दुर्बिणीच्या काचेला घाम येतो. बाहेरची रायफल सकाळी कोरडी ठणठणीत." हे अगदी खरं होतं, कुठलाही शिकारी हेच सांगेल. म्हणूनच ट्रूडीने ते कितीतरी वर्षं खरं मानलं. मग एकदा, पोटच्या पोरीला शाळेत कुणीतरी मधल्या सुटीत वेगळं बसवलं आणि पोर घरी येऊन म्हणाली, 'मलाच तिथे बसायला आवडतं,' तेव्हा ट्रूडीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या दिवशी तिने वडिलांना फोन केला, आणि भलतंच काहीतरी बोलून ठेवून दिला.

"हे बघ," हार्लन आता खाटेखालून एक लांब पेटी ओढत म्हणाला, "मी याचा विचार करून आलोय. तू म्हणशील हार्लनकाकाला काही कळत नाही." त्याने पेटी उघडली. आत मऊ कापडात गुंडाळलेली रायफल होती, लाकूड असं चमकत होतं की आजच कुणी तेल चोळलंय. "बावन्नची. माझ्या धाकट्या भावाची होती. ही तुला. कायमची. ही एमिलच्या खुंटीवर लाव, उद्या हीच घेऊन जा. एमिलची आहे ती घरी जपून ठेव, आठवण म्हणून."

हार्लनचा पुतण्या रिक शिट्टी वाजवून म्हणाला, "बाप रे! काका, मी तीन वर्षं मागतोय ती, मला नाही दिलीत!"

"तू भिंत बघ आधी," हार्लन म्हणाला, "आणि मग माग."

सगळे हसले. भिंतीवर शर्टांची शेपटं टाचलेली होती. हरणावर गोळी झाडून चुकलं की त्या संध्याकाळी चुकणाऱ्याच्या शर्टाचा मागचा घेर कात्रीने कापायचा, त्यावर नाव आणि वर्ष लिहून भिंतीवर लावायचा, ही डोंगरातली जुनी रीत. रिकची शेपटं जोडली तर एक अख्खा शर्ट झाला असता.

ट्रूडीने बावन्नची रायफल हातात घेतली. सुंदर होती, खोटं कशाला बोला. तोल असा की हातात घेतल्याचं कळूही नये. तिने ती परत पेटीत ठेवली आणि वरून कापड सारखं केलं.

"काका, तुमचं मन मोठं आहे. पण माझ्या वडिलांच्या जागी तुमच्या भावाची रायफल कशाला? माझे वडील काय बिनरायफलीचे होते?"

"तसं नाही म्हणत मी..."

"तसंच म्हणताय. आणि गोड आवाजात म्हणताय, एवढंच."

ट्रूडी पंचवीस वर्षं शाळेची बस चालवत होती. आरशात नुसतं बघून शेवटच्या बाकावरच्या दांडगटाला गप्प करायची सवय होती तिला. तीच नजर तिने हार्लनवर लावली. हार्लनने घसा खाकरला.

"हा नियम मी केलेला नाही, पोरी. माझ्या वडिलांचा आहे. एमिलने त्रेसष्टला ती इथेच आणून लावली होती, याच खुंटीवर. मी सोळा वर्षांचा होतो, मी पाहिलंय. वडिलांनी ती काढली, बाहेर नेली, खिळा ठोकला आणि लटकवली. एमिल काही बोलला नाही. उलट म्हणाला, बरं झालं, इथे काचेला घाम आला असता. एमिलची कधी तक्रार नव्हती. मग तुझी का?"

ट्रूडीला हे माहीत नव्हतं. तिला वाटलं होतं की वडिलांनी आपणहून, भिडेपोटी बाहेर ठेवली असेल. भरल्या खोलीत, सगळ्यांसमोर, नव्या रायफलीसकट त्यांना दाराबाहेर काढलं होतं, हे तिला आज कळत होतं, आणि तेही सांगणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"त्यांची तक्रार नव्हती, कारण ते पाहुण्यासारखे राहिले इथे," ती म्हणाली. "साठ वर्षं. मी पाहुणी नाही. माझा वाटा आहे. जेवणाआधी हजेरी घेता ना तुम्ही? आज आठव्या खुंटीचीही घ्यायची."

हजेरी म्हणजे कॅम्पाची पूजाच म्हणा. मोसमाच्या आदल्या दिवशी, जेवायला बसण्याआधी, हार्लन एकेक रायफल खुंटीवरून काढायचा, बोल्ट उघडून रिकामी असल्याची खात्री करायचा, आणि मोठ्याने तिचं साल आणि जी माणसं ती वापरून गेली त्यांची नावं घ्यायचा. प्रत्येक नावाला सगळ्यांनी ग्लास उचलायचा. जे मेले त्यांचीही हजेरी लागायची. साठ वर्षांत एमिल हुडाक हे नाव त्या खोलीत या वेळी कधी उच्चारलं गेलं नव्हतं. हजेरीच्या वेळी एमिल कॉफी बघायला उठायचे.

ते नाव या भिंतींनी ऐकावं, एवढंच ट्रूडीला हवं होतं. हरीण मिळालं नाही तरी चाललं असतं.

"हार्लन," चुलीकडून बझी म्हणाला, "घे बाबा एकदाची. नूडल्स लगदा होतील."

हार्लन उठला. पहिली खुंटी त्याचीच. "एकोणीसशे एकोणचाळीस. लॉइड वर्ट्झ. हार्लन वर्ट्झ." ग्लास उचलले गेले. दुसरी, "एकोणीसशे अठ्ठेचाळीस," बझीची, बझीच्या वडिलांची, बझीच्या त्या मामाची जो रेल्वेखाली गेला. तिसरी, चौथी. नावं घेताना हार्लनचा आवाज बदलायचा, जड व्हायचा, आणि ट्रूडीला रागातही कबूल करावं लागलं की हे सुंदर होतं. ही माणसं आपली मेलेली माणसं विसरत नव्हती. म्हणून तर तिला जास्त लागत होतं. सातवी खुंटी, रिकची, "एकोणीसशे पंचावन्न," आणि रिकने उगाचच मान लववली.

मग हार्लन आठव्या खुंटीपाशी येऊन थांबला.

साठ वर्षांत त्याने ही रायफल कधी हातात घेतली नव्हती. घ्यायची गरजच काय? ठशाची जाळी दिसली, विषय संपला. आता त्याने ती खाली काढली, सवयीने बोल्ट उघडला, आत पाहिलं, आणि तसाच उभा राहिला. चष्मा कपाळावरून खाली घेतला. बोल्टच्या पुढच्या टोकाला बोट लावलं. मग खिडकीपाशी गेला आणि रायफल उलटीपालटी करून बघायला लागला.

"काय झालं?" रिकने विचारलं. "वाळवी लागली का?"

"आकडा," हार्लन पुटपुटला. "काडतूस ओढणारा आकडा... हा जुना आहे. एकसंध. हे पत्र्याचं काम नाही." त्याने खिशातून भिंग काढलं, पोलादावर फुंकर मारली आणि नंबर वाचला. ओठ हलले. पुन्हा वाचला. "अरे देवा."

"काय, काका?"

"हा नंबर सत्तावन्नचा आहे."

हार्लन वळला तेव्हा त्याचा चेहरा एखाद्या मुलाच्या चेहऱ्यासारखा उजळला होता. "कळलं! अहो, कळलं का तुम्हाला? सत्तावन्नला केलेली पोलादी पेटी, म्हणजे बोल्ट बसतो तो मधला भाग, कोठारात पडून राहिली असणार. नव्या मालकाने सगळा जुना माल संपवायला काढला. त्रेसष्टला कुणीतरी ती उचलली, तिला नवा स्वस्त दस्ता लावला आणि विकायला पाठवली. दस्ता त्रेसष्टचा, पण पोलाद सत्तावन्नचं! आणि साल कशावरून ठरतं?"

"पेटीवरच्या नंबरावरून," दोघातिघांनी एकसुरात म्हटलं. हा हार्लनचाच नियम, शंभरदा ऐकलेला.

"पेटीवरच्या नंबरावरून! दस्ता काय, बदलता येतो. ही सत्तावन्नची आहे. काठावरची, पण आतली." हार्लनने रायफल दोन्ही हातांनी उंच धरली. "एमिलची रायफल आतली निघाली, पोरी!"

एकदम गलका झाला. कुणी टेबलावर मूठ आपटली, कुणी ट्रूडीच्या पाठीवर थाप मारली. वाद मिटला म्हणून सगळ्यांना हायसं वाटत होतं. आणि ट्रूडीलाही, कबूल करायला हवं. पपा आत आले. कसे का होईना, आले. हार्लनने रायफल आठव्या खुंटीवर लावली, दोन पावलं मागे सरून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नंतर याला जुना दस्ता शोधू. माझ्याकडे एक आहे, कोरीव जाळीचा. तो लावला की कुणाला कळणारही नाही." मग त्याने आवाज लावला. "एकोणीसशे सत्तावन्न. एमिल हु..."

"म्हणजे एमिल साठ वर्षं ती उगाचच बाहेर टांगत होता!" रिक मध्येच म्हणाला आणि खदखदून हसला.

बाकीचेही हसले. त्यात वाईट हेतू कुणाचा नव्हता.

पण ते 'उगाचच' ट्रूडीच्या वर्मी बसलं. उगाचच. म्हणजे नंबर त्रेसष्टचा निघाला असता तर ते बाहेर असणं रास्तच होतं. म्हणजे चूक कुणाची झाली, तर एमिलची. आपली रायफल आतली आहे हे त्यांनी आधीच दाखवून द्यायला हवं होतं.

"थांबा," ती म्हणाली.

ग्लास हवेतच राहिले.

"साल चुकीचं घेताय, काका. एकोणीसशे त्रेसष्ट."

हार्लन गोंधळून हसला. "अगं, आत्ताच तर बघितलं ना. नंबर..."

"नंबर ऐकला मी. सत्तावन्नला ते पोलाद कोठारात धूळ खात होतं. त्याची रायफल झाली त्रेसष्टला. घेतली माझ्या बापाने, त्रेसष्टला. ती घेऊन ते इथे आले आणि तुमच्या वडिलांनी त्यांना दार दाखवलं, तेही त्रेसष्टलाच. तेव्हा कुणी भिंग काढलं होतं?"

"कशाला वाकड्यात शिरतेस?" रिक म्हणाला. "तुला ती आत हवी होती ना? आली आत. सत्तावन्न म्हण आणि जेवायला बस."

"मला ती आत हवी होती. तुम्ही दुसरीच आत घेताय." ट्रूडी टेबलावरून उठली. "साल चांगलं कुणाला मिळतं, सांगू? ज्याच्या बापाकडे रायफल होती त्याला. हार्लनकाका, एकोणचाळीसची तुम्ही निवडलीत का? नाही. पाळण्यात मिळाली तुम्हाला. बझीकाकांना मामाकडून मिळाली. माझे आजोबा बोटीतून या देशात उतरले तेव्हा त्यांच्या हातात खाणीतलं फावडं दिलं लोकांनी, तेच त्यांनी मागे ठेवलं. त्या फावड्याचं साल कुणाला माहीत नाही. माझ्या बापाला वारशात काही आलं नाही, म्हणून त्यांनी दुकानात जाऊन नवी घेतली, त्या वर्षी मिळत होती तशी. त्यांचा गुन्हा काय, तर उशिरा आले!"

"गुन्हा कोण म्हणतंय?" हार्लनच्या कपाळावर शीर दिसायला लागली. "दर्जाची गोष्ट आहे ही. त्या सालांत काम वाईट झालं. हे मी नाही म्हणत, जग म्हणतं."

"बरं, दर्जा. भिंत बघा." तिने शेपटांकडे बोट केलं. "हार्लन, एकाहत्तर. हार्लन, अठ्ठ्याहत्तर. हार्लन, पंच्याऐंशी. ते निळं चौकटीचं पण तुमचंच ना? एमिल हुडाकचं एक दाखवा."

"ते... चूक माझी होती. रायफल उत्तमच होती!"

बझीला हसू आवरेना. त्याने फडकं तोंडावर धरलं.

"तेच म्हणतेय मी!" ट्रूडी म्हणाली. "चांगल्या सालची रायफल घेऊन चुकलं तरी माणूस आत. वाईट सालची घेऊन एकदाही नाही चुकला तरी बाहेर. त्या रायफलीने मारलेली हरणं आत यायची, याच चुलीवर शिजायची, सगळे बोटं चाटून खायचे. मांस आत, रायफल बाहेर. आणि ती ज्याने आणली तो हजेरीला कॉफी ढवळतोय!"

वयस्कर माणसं शेगडीकडे बघायला लागली. तरण्यांना कुठे बघावं कळेना.

हार्लनने दोन्ही हात टेबलावर टेकले. राग त्यालाही आला होता, आणि दुखावलाही होता. एवढी दुधात साखर पडली असताना ही बाई वाटी उलटी करत होती. "मग ऐक. तू सत्तावन्न मान्य कर, मी नाव घेतो, मनापासून घेतो, एमिल माझाही होता. पण त्रेसष्ट म्हणून मी खुंटीवर हजेरी घेणार नाही. त्रेसष्ट म्हणायची असेल तर ती बाहेर जाईल. नियम तो नियम."

सोपं होतं. एक साल गिळायचं आणि सगळं मिळवायचं. उद्या पहाटे जंगलात, रात्री पुन्हा याच टेबलावर, पुढची वीस वर्षं. नाहीतर आत्ता खाटेवरचं बोचकं उचलायचं आणि गाडी काढायची. ट्रूडीला हा कॅम्प हवा होता. लहानपणी खिडकीतून बघितलेला, पपांच्या कपड्यांना ज्याच्या धुराचा वास यायचा तो कॅम्प. तिला तो किती हवा होता ते तिचं तिलाच आत्ता कळत होतं.

"न्या," ती म्हणाली.

"काय?"

"बाहेर न्या. पण मी नेणार नाही. माझे वडील पण नेणार नाहीत, ते आता नाहीत. तुमच्या वडिलांनी स्वतः नेली होती ना? मग तुम्ही न्या. मी इथे उभी राहून बघते."

हार्लन तरातरा भिंतीपाशी गेला आणि त्याने रायफल काढली. दोन्ही हातांत आडवी धरली, आणि दारापर्यंत आला. दाराची कडी जुनी, जड, ओढून वर करावी लागे.

"बझी," तो म्हणाला, "दार उघड."

"माझे हात लोण्याचे आहेत," बझी म्हणाला, आणि कोरड्या हातांनी त्याने कढईवर झाकण ठेवलं.

"रिक."

रिक बुटाची नाडी बांधायला वाकला. बूट त्याने घातलेलेच नव्हते. तो मोज्यांवर होता. तो तसाच वाकलेला राहिला.

हार्लनने तिसरं नाव घेतलं नाही. रायफल एका हातात घेऊन दुसऱ्याने कडी काढणं काही अवघड नव्हतं, शहात्तर वर्षांचा असला तरी मनगटात जोर होता. तो उभा राहिला. त्याची बोटं दस्त्याच्या त्या ठशाच्या जाळीवर होती, आणि जाळी मधोमध झिजून गुळगुळीत झाली होती, एका माणसाच्या मुठीएवढ्या जागेत. हार्लनने खाली बघितलं. मूठ जरा सरकवून त्या झिजलेल्या जागेवर ठेवली. मग काढून घेतली, जणू कुणाची जागा होती ती.

शेगडीत लाकूड कोसळल्याचा आवाज आला. ट्रूडी हाताची घडी घालून बघत होती. बोलायचं तेवढं बोलून झालं होतं.

हार्लन दारापासून वळला. सगळ्यांच्या मधून, कुणाकडेही न बघता, चालत गेला आणि रायफल आठव्या खुंटीवर ठेवली. पट्टा सरळ केला. भिंतीकडेच तोंड करून उभा राहिला, आणि कसाबसा, शर्टाच्या कॉलरात बोलल्यासारखं बोलला.

"एकोणीसशे त्रेसष्ट. एमिल हुडाक."

माणसं ग्लास शोधायला लागली.

"मोठ्याने," ट्रूडी म्हणाली. "पपांना कमी ऐकू यायचं."